बिनलोण्याचा केक

—ओव्हनचं पाठीमागचं झाकण काढावं लागेल? काढा, काढा. तो डबा तेवढा जपून सरकवा, जवसाची पूड आहे त्यात. तीन आठवड्यांपूर्वी फोन केला होता मी दादा, तेव्हा यायला हवं होतं तुम्ही. कडा करपायच्या आणि मध्ये हा एवढा खड्डा. काय म्हणालात? हो, केकच. पण अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. व्हीगन म्हणतात त्याला. हसताय ना? हसा. मीही हसायचे.

अहो, सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भट्टीपाशी काढली मी. माझा केक संपला की मोठमोठे सर्जन तोंड पाडून परत जायचे. आणि काय असायचं त्यात? लोणी! हात आखडायचा नाही, एवढंच शिकवलं मी हाताखालच्या बायकांना. आणि आता या वयात मी शिकाऊ — मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, चष्मा पुसायचा, थांबवायचा, वहीत उतरवून घ्यायचं. पहिला केक भिंतीत बसवला असता तर वीट म्हणून खपला असता. दुसरा आतून नुसता चिखल. तिसऱ्यात सोडा जास्त — साबण चाटल्यासारखं झालं. आणि ते चणे शिजवलेलं पाणी — तुम्हाला पटणार नाही, पण फेटलं की त्याचा फेस होतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, भांडं उलटं धरलं तरी पडत नाही — पण वीस-वीस मिनिटं फेटायचं, आणि माझा हा खांदा गेलेला. शेजारीण म्हणाली, कुणासाठी एवढा जीव काढताय? म्हटलं, सुनेसाठी. तिनं विषयच बदलला. बदलणारच. सून घरात नाहीये ना. दीड वर्ष झालं.

नाही हो, भांडण नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पुरून उरले असते. ती जनावरांच्या दवाखान्यात आहे, ऑपरेशनला मदत करते. हात असा थंड, स्थिर. लग्न होऊन आली तेव्हाच सांगितलं तिनं, आई, मी जनावराचं काही खात नाही, दूधसुद्धा नाही, तुम्ही माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मी माझं बघेन. आणि खरंच बघायची. माझ्या टेबलावर बसून स्वतःचा डबा उघडायची. आता तुम्हीच सांगा — माझ्या टेबलावर, डबा! जिच्या हातचं खायला लोक रांग लावतात तिच्या घरात! मला ते फार लागलं. तीन वर्षं टोमणे मारले मी. आज काय, गवत का? गाईला विचारलंस का? ती हसायची. नुसती हसायची हो. त्याचाच जास्त राग यायचा.

मग माझ्या मुलाचा वाढदिवस आला. पाहुणे होते. मी केक केला आणि म्हटलं, हा खास तुझ्यासाठी, दूध-अंडं काही नाही यात. तिचा चेहरा — दिवा लावल्यासारखा झाला. दोन तुकडे खाल्ले तिनं. दुसरा तर हातानं, बोटं चाटून. आणि मला मिठी मारली, सगळ्यांदेखत, म्हणाली, आई, माझ्यासाठी केलंत तुम्ही? तेव्हा गप्प बसायचं ना मी! पण नाही. मी म्हटलं, पाव किलो लोणी आणि चार अंडी आहेत त्यात, बघ, काही झालं का तुला?

सगळे हसले.

ती माझ्यावर ओरडली नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं. नवऱ्याकडे पाहिलं. तो पण हसत होता, माझाच मुलगा. मग उठली, बाथरूममध्ये गेली, बराच वेळ नळ चालू होता. पंधरा दिवसांनी बॅग भरली. मुलगाही आता वेगळा राहतो. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, मी हो म्हणते, झालं.

काय? मधली कॉइल अर्धीच तापते? बदला मग. माझं काय, मी पाचव्या केकपासून टिन मध्येच फिरवायला शिकले. सहावा झाला बघा परवा — असा फुगला, असा मऊ, बोट दाबलं की परत वर. सोयाच्या दुधात व्हिनेगर टाकलं होतं, तेल घातलं, वर संत्र्याची साल किसून. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. आणि डब्यात भरून गेले तिच्या दवाखान्यात.

बाहेर आली ती, हिरव्या कपड्यांत. वाळलीय. मागच्या दारापाशी बाकावर बसलो आम्ही. मी म्हटलं, काही मागायला आले नाहीये गं, ये असंही म्हणत नाही, फक्त एक घास खा. तिनं तुकडा घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि हात तिथंच थांबला. म्हणाली, काय काय आहे यात? मी सगळं सांगितलं — जवस, सोया, चणे, शिकाऊ पोरीसारखं घडाघडा. ती मान हलवत होती. पण हात काही पुढे जाईना. मी म्हटलं, अगं, शपथ घेऊ का? तर हळूच म्हणाली, त्या दिवशीही घेतली होतीत, आई.

घेतली होती. ...ते मघाशी राहिलंच सांगायचं. म्हणजे राहिलं नाही, मी — तिनं त्या दिवशी दोनदा विचारलं होतं हो. नक्की ना आई? आणि मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. हसू दाबत. तेवढ्यानंच तर खाल्लं तिनं.

चिडली नाही. तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण नीट दाबून लावलं आणि म्हणाली, घेऊन जा तुम्ही. टाकवणार नाही माझ्याच्यानं, आणि खाववणारही नाही. मग आतून कुणीतरी हाक मारली तिला, एक कुत्रा शुद्धीवर येत होता.

झालं का तुमचं? लागला दिवा, हो. हात धुवा तिकडे. आणि हा तुकडा घ्या, त्याच केकमधला आहे, दोन दिवसांचा झालाय पण चांगला आहे. घ्या हो, संकोच काय —

...आवडला? खरंच? तोंडात विरघळतो ना?

उचललात आणि खाल्लात. किती सहज.

नाही, नाही, काही झालं नाही मला. अजून एक घ्या. सगळाच न्या, घरी द्या, डबा परत करू नका. आणि निघा आता दादा. दार तेवढं ओढून घ्या.