टेकडीचा माथा

छातीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा खाणकामगार आणि त्याची बायको बोलत होती.

"झोपेत परत टेकडी चढत होतो. चक्क धावत!"

"बरं."

"कोळशाची धूळ नाही, खोकला नाही. पिसासारखं हलकं वाटत होतं. माथा आलाच होता, तेवढ्यात तू गदागदा हलवलंस."

"रोजच हलवते."

"तेच म्हणतोय. एकदा तरी वर पोचू दे की, बाई."

"खाणीत भिंतीपलीकडच्या जोडीदाराचे घणाचे ठोके थांबले, की काय करायचात?"

"हातातलं टाकून धावायचो. विचारायचं काय त्यात?"

"तुम्ही टेकडीवर धावायला लागलात, की तुमची घरघर थांबते."

मागून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"पाणी देऊ?"

"नको. हलवत जा. फक्त जरा हळू."