कोरडे पडलेले तांदूळ

परीक्षा घेतली की खरं-खोटं कळतं म्हणता, म्हणून आमच्या कामठा गावचं सांगतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत पाटलांच्या घरची चांदीची साखळी हरवली. तेव्हाची रीत अशी, की संशय असेल त्यानं चिमूटभर तांदूळ चावून थुंकायचे. चोराचं तोंड भीतीनं सुकतं, म्हणून त्याचे तांदूळ कोरडेच पडतात.

संशय पाटलांकडे रोवणीला आलेल्या बायकांवर होता; त्यांत माझ्या सखूला पहिलं बोलावलं. तिचे तांदूळ कोरडे पडले.

"सापडला चोर," पाटील म्हणाले. "हिले आजच माहेरी धाडा."

सखू माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात माझी आई उठली. "हिच्यावर मलेही भरवसा नाही. पण बाकीच्यायलेही चावू द्या."

"आता कायले?"

"चोराचं तोंड सुकते, हे खरं. पण सुकलं ते तोंड चोराचंच, हे कोणं सांगतलं?"

मग साऱ्या बायकांनी चावले. निम्म्याहून जास्त जणींचे कोरडे पडले. आईचेही.

"साखळी एक, अन् चोर एवढे?" आई म्हणाली. "साऱ्याजणी भेऊन राहिल्या, पाटील. आता तुमी चावा."

पाटील म्हणाले, "माझा दात दुखून राहिला."

सखू घरीच राहिली. साखळी काही सापडली नाही. पण पुढं पाटील कुठल्याही पंगतीत जेवायला बसले, की अख्खं गाव हातातला घास थांबवून त्यांच्या दातांकडे बघायचं.