काढून ठेवलेली खेळणी

वहिनी : हात का नको लावू? माझ्या घरातलं सामान आहे ते!

नणंद : पक्कड खाली ठेवा आधी. घोड्याच्या मानेतला तो लाल ट्रक ओढलात तर अख्खा पुतळा खाली बसेल, वहिनी. परवा प्रदर्शन आहे.

वहिनी : बसू दे! मागच्या आठवड्यात तुमच्या भावाचे कपडे न्यायला आलात आणि जाताना माझ्या पोराच्या खेळण्यांचं पोतं उचललंत. चोरी म्हणतात याला.

नणंद : चोरी? तुम्हीच फोनवर म्हणालात, "दाराशी खेळणी काढून ठेवलीत."

वहिनी : त्याच्यासाठी काढून ठेवलीत! रविवारी येतो तो माझ्याकडे, आल्या आल्या हाताशी लागतात म्हणून. टाकून दिलीत असं म्हटलं का मी?

नणंद : दाराशी पोतं दिसलं की माणूस काय समजणार? मी मोडक्या प्लास्टिकचेच पुतळे करते, ठाऊक आहे तुम्हाला. आणि निम्मी मोडकीच होती.

वहिनी : मोडकी असोत नाहीतर सडकी, त्याची होती!

नणंद : आता कापून, चिकटवून, स्क्रूने आवळून झालीत. सुटी कशी करू? नवी आणून देते.

वहिनी : नव्यांचा ढीग आहे त्याच्या बापाकडे. माझ्याकडे हीच होती. या खेळण्यांसाठी यायचा तो.

नणंद : काहीतरीच. पोरगं आईसाठी येतं.

वहिनी : मोठ्या आल्या शहाण्या! तुमचा भाऊ पोराला घेऊन गेला तेव्हा कुठे होतं हे शहाणपण? तोंडाला कुलूप लावून बसलात तेव्हा!

नणंद : तुमच्या भांडणात मला ओढू नका. दादाने शनिवारी त्याला इथे आणलं होतं. चांगला खूश झाला घोडा बघून. म्हणजे, आधी.

वहिनी : आधी?

नणंद : मग ट्रक ओळखला त्याने.

वहिनी : काय म्हणाला?

नणंद : जाऊ द्या ना.

वहिनी : काय म्हणाला तो?

नणंद : "आईने टाकून दिला का?" विचारलं.

वहिनी : आणि तुम्ही?

नणंद : मला तसंच वाटत होतं, वहिनी. देवाशपथ. मी हो म्हटलं.

(वहिनी पक्कड टेबलावर ठेवते.)

वहिनी : काल रविवार, पण तो गाडीतून उतरलाच नाही. पोट दुखतंय म्हणाला. मी खिडकीतून हात घालून कपाळ बघितलं.

नणंद : मग?

वहिनी : त्याने माझा हात बाजूला केला.