एर्गाश उस्ताच्या दुकानात म्हटलेलं आमीन

मला आवाज हवा होता हो, गोंगाट नव्हे! एवढी साधी गोष्ट, पण तुम्हाला सांगतो, सायलेन्सरच्या दुकानात ती कुणाला समजावता येत नाही... माझी गाडी बावीस वर्षांची, पांढरी, इवलीशी, मागे तिघं बसली तर चौथ्याने खिडकीतूनच खुशाली विचारावी एवढी. तिचा जुना सायलेन्सर कुजून भर रस्त्यात गळून पडला, पडू दे, त्याचं काही नाही, पण त्याच्याबरोबर तो गुरगुराट गेला ना! त्या गुरगुराटावर माझी लेक ओयदिन वाढली. तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची, आणि गाडीत घालून कालव्याच्या कडेने, जर्दाळूच्या झाडांखालून एक चक्कर मारली की पापण्या जड... मी आरशात बघायचो, बघतच राहायचो, दोनदा कालव्यात जाता जाता वाचलो.

तीच ओयदिन गेल्या महिन्यात लग्न होऊन मर्गिलानला गेली. भाड्याच्या पांढऱ्या गाड्यांची रांग आली, फुलं, कर्णे, सगळं झालं. पण निघताना माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, पहिल्या माहेरपणाला तुम्हीच न्यायला या. आपल्या गाडीतून."

आता नव्या सुनेचं आमच्याकडे काय असतं, उजाडायच्या आत उठून अंगण झाडा, गल्ली झाडा, मग येईल त्या पाहुण्याला वाकून सलाम, मग चहा, परत चहा... पोरीचा वीस दिवस डोळ्याला डोळा नाही. मर्गिलान ते आमचं कोकंद तासाभराचा रस्ता. म्हटलं, आपण तिला तासभर झोप देऊ. बापाने आणखी काय द्यायचं?

म्हणून मी एर्गाश उस्ताकडे गेलो. दुकानात भोपळे टांगावेत तसे सायलेन्सर टांगलेले, आणि उस्ता प्रत्येकाचा आवाज तोंडाने काढून दाखवणार! "हा बघा, बुडुबुडुबुडु, सरकारी माणसाला शोभतो. हा, हुं... हुं... विधुरांसाठी. आणि हा," असं म्हणत त्याने छाती फुगवली, "भर्रर्रर्र! तरुणांचा." मी म्हटलं, उस्ता, मला आवाज हवाय, गोंगाट नको, दुताऱ्याची खालची तार कुणीतरी शेजारच्या खोलीत छेडतंय असा. उस्ता म्हणाला, दुतारा हवा तर वाद्यांच्या गल्लीत जा.

कोपऱ्यात आमच्या गल्लीतले निझोम-ओता, म्हणजे सगळ्यांचे निझोमआजोबा, चहा पीत होते. नव्वदीचे, ठार बहिरे. एकेक नळी गाडीला लावून वाजवली, त्यांचं आपलं, "लावलीत का?" लावली, ओता. "मग वाजवा की." वाजवली, ओता... आणि इकडे मी? मी तर मर्गिलानच्या रस्त्यावर पोचलोही होतो! तुतीच्या झाडांची रांग, ऊन असं तिरपं, मागे पोरीचं डोकं खिडकीला टेकलेलं, गाडी गुरगुरतेय... तेवढ्यात उस्ताने ती तरुणांची वाजवली. ओतांच्या हातातली पियाली हलली. "ही!" म्हणाले, "हिला आवाज आहे." आणि दोन्ही हात वर केले, देव या गाडीला वाटा मोकळ्या देवो. आणि मी त्या तुतीच्या सावलीतूनच तोंडावरून हात फिरवला आणि म्हणालो, आमीन.

झालं! थोरल्यांनी हात उचलले, आपण आमीन म्हटलं, की तो शब्द फिरवणारा कोकंदात अजून जन्माला यायचाय. तीच नळी बसवून निघालो.

मर्गिलानला मी पोचायच्या आधी माझा आवाज पोचला. व्याही दारात, विहीणबाई दारात, कोंबड्या छपरावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओयदिन मागे बसली. मी सबंध वाट मनात माफी जुळवत होतो, पोरी, मला आवाज हवा होता, गोंगाट नव्हे... आणि आरशात बघतो तर काय? पहिला पूल यायच्या आत झोपलेली! तोंड उघडं, तान्ही असताना असायचं तसंच. त्या भर्रर्रमध्ये!

मग मला थांबवेना हो. घर आलं, पुढे गेलो. कालव्याला वळसा, जर्दाळू, परत घरावरून, परत पुढे. चौथ्या फेरीला बायकोचा फोन. झुल्हुमोर म्हणाली, "अहो, तुम्ही आलात हे सगळ्या कोकंदाला कळलंय, फक्त घरात तेवढे आलेला नाहीत. पुलाव गार होतोय." मी म्हटलं, होऊ दे. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू? म्हटलं, हा सायलेन्सर आता मी मरेपर्यंत काढत नाही.

पेट्रोल संपत आलं म्हणून शेवटी दारात थांबलो. गाडी बंद केली तशी त्या शांततेमुळेच ती जागी झाली, मला बघून हसली... आणि दारात निझोम-ओता उभे, काठी टेकून. म्हणाले, "तीस वर्षांत माझी दुपारची झोप कुणी मोडली नव्हती. आज चारदा मोडली." दोन्ही हात वर केले, देव करो आणि ही नळी उद्या सकाळी उतरो. आणि मी, काय सांगू तुम्हाला... मी पोरीच्या झोपाळू डोळ्यांकडे बघत होतो हो. हात आपोआप तोंडावरून फिरला.

आमीन म्हणून बसलो.