पंचमीचं सुतक

निपाणीच्या बसस्थानकात बोरगावच्या गाडीसाठी मी रांगेत उभी होते. माझ्यामागे बाजार करून सासरी परत निघालेली एक तरुण मुलगी होती आणि तिला गाठायला कंग्राळीहून आलेले तिचे वडील.

“आप्पा, कणकुंबीची काकू गेली आणि तुमी मला कळवलं न्हाय? सासूबाईंकडनं कळलं. काल दिवसभर जेवले न्हाय मी.”

“हळू बोल. काकू चांगली हाय.”

“मग सासूबाईंना फोन तुमीच केलता न्हवं?”

“केलता. पंचमीला तुला माहेरी न्यायचं म्हणजे साडी आली, जावयाला कपडं आलं, लाडवाचा डबा आला. तुझ्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता गेला की फौंड्रीच्या पगारात किराणाबी बसत न्हाय. सुतक म्हटलं की कोण काय विचारत न्हाय.”

“मला नको साडी. नुसतं न्यायला या की.”

“आणि रिकाम्या हातानं परत पाठवली तर तुझी सासू गप बसंल?”

“न्हाय बसायची.”

“मग?”

“काकूला कळलं तर काय वाटंल तिला?”

“तिलाच विचारून केलंय. हसली. म्हणाली, एवढ्यानं भागत असंल तर मेले म्हणून सांग.”

“आणि आई?”

“ती बोलंना झालीय माझ्याशी.”

“कर्ज कधी फिटायचं, आप्पा?”

“अजून चार वर्षं हायत.”

“चार पंचम्या? एवढी माणसं हायत व्हय आपल्या भावकीत?”