मोडक्या पायानं पळवलेला रोही

मेहकरच्या दवाखान्यात बाकावर पुष्पांजली बसली होती, पाय प्लास्टरात. तिचे आबा नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले.

“पुष्पे, कोनी खरं मानत नाई, पन हरभरा खानारा रोही, नीलगाय वं, मी मोडक्या पायानं पळवला! डोणगावहून पार मेहकरपावतर!”

“अन् रोही?”

“थकला बिचारा. मीच त्याले पानी पाजलं.”

“आबा, माहा पाय दुसऱ्यांदा मोडला. मॅरेथॉन जमन का आता?”

“काऊन नाई? पह्यलीच मॅरेथॉन हाय, पाय लाजून राह्यला.”

“डॉक्टर काय म्हने?”

“म्हने, जानेवारीत धावते पोरगी. बूट पुसून ठेवा.”

“मंग तुमी रडून काऊन राह्यले?”

“फिनाईल झोंबते वं डोयाले.”

“आबा, डॉक्टरच्या खोलीचं दार उघडंच होतं.”