सोनं की सोन्याचं पाणी?

...नाही, चुंबकाचं नावच काढू नका माझ्यापुढे! चुंबक झालं, व्हिनेगर झालं, पाण्याचा ग्लास झाला, दात झाला... हा बघा, हा पुढचा, अजून ठणकतोय... पण एका कड्याचा निकाल लागेल तर शपथ! सोनं की सोन्याचं पाणी? तुम्हाला सांगतो, माणसाने लग्न जरूर करावं, पण बायकोला मोठी बहीण आहे का, एवढं मात्र आधी बघावं!

म्हणजे झालं असं, माझ्या सासूबाई गेल्या. जायच्या आधी त्यांनी दोघी लेकींना जवळ बसवलं, सासरकडून आलेले दोन जुने दागिने काढले, थोरलीच्या गळ्यात हार घातला आणि धाकटीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, हातात कडं. हे एवढं जाड! हिने ते कधी काढलं म्हणून नाही. भांडी घासताना हातात, कपडे वाळत घालताना हातात, झोपेत कूस बदलली की माझ्या बरगडीवर खण्णकन्! मी ब्र काढला नाही. आईची आठवण आहे, बरगडीचं काय एवढं, भरपूर आहेत!

आणि एका दुपारी थोरली, सगळे तिला अक्का म्हणतात, चहाला आली. हिचा हात हातात घेतला, डॉक्टर नाडी बघतात तसा, आणि म्हणते कशी, "अगं बाई, मनगटाला हिरवट काय लागलंय? आणि ही कड तांबूस दिसतेय... नाही, मी आपलं सहज म्हटलं हो!"

सहज! ही बाई चहा पिऊन सहज निघून गेली आणि इकडे आमच्या घराचा पाया हलला! "अक्काला खरं आणि मला खोटं? आईने? मला?" मी म्हटलं, "अगं, खोटं कशावरून?" तर म्हणे, "मग खरं आहे हे सिद्ध करा." घ्या! मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. सोन्याच्या खाणी नकाशावर डोळे मिटून दाखवीन, पण कड्यातलं सोनं कुठून दाखवू? एकीकडे अक्का, एकीकडे ही, आणि मधल्या मधे मी!

फ्रिजवरचं चुंबक काढलं, लावलं. चिकटलं नाही! मी टाळी वाजवली, "सोनं!" ही फोनमध्ये वाचून म्हणते, "तांबंही चिकटत नाही, पितळही नाही." बरं. व्हिनेगरचा थेंब टाकला. रंग जसाच्या तसा! "सोनं!" तर म्हणे, "जाड पाणी चढवलेलं असलं तर त्याला काही होत नाही." मग वजन करून ग्लासात बुडवलं, पाणी किती वर चढलं ते बघायला. मी वरून बघतो, ही बाजूने बघते, दोघांच्या रेघा वेगळ्या... आणि त्या ताणात माझ्या घशाला अशी कोरड पडली की ते पाणी मीच पिऊन टाकलं! शेवटी मी ते कडं चावलं. त्यावर खूण उमटली की नाही ठाऊक नाही, दातावर उमटली.

हसताय तुम्ही. पण तेव्हा ती काय बोलली सांगू? कड्यावरून बोट फिरवत, खाली बघत म्हणाली, "आईला तुम्ही पसंत नव्हता. मी तिचं ऐकलं नाही... म्हणून दिलं असेल खोटं." म्हणजे कड्याबरोबर मीही सोनाराच्या तराजूत जाऊन बसलो की!

मग गेलो सोनाराकडे. त्याने दगडावर कडं घासलं, पिवळी रेघ उमटली, तिच्यावर तेजाब टाकलं, रेघ तश्शीच! मी उडीच मारणार होतो, तर तो म्हणतो, "थांबा साहेब, हे वरचं झालं. आतलं बघायचं तर कानस लावावी लागेल. लावू?" हिने डोळे मिटले आणि होकाराची मान डोलावली. करर्र... करर्र... आणि खाचेतून लाल! "तांबं आहे वहिनी. वरून सोन्याचं पाणी. काम मात्र सुंदर हां!" हिने कडं उचललं, परत हातात घातलं आणि चालायला लागली.

आणि मग गप्प. आमच्या घरात! मी मुद्दाम जेवताना म्हटलं, "मीठ कमी आहे." एरवी केवढा तोंडाचा पट्टा सुटला असता! हिने नुसती मिठाची बरणी पुढे सरकवली.

तिरीमिरीत अक्काला फोन लावला. "तुमच्या त्या सहज बोलण्याने...!" पलीकडून बारीक आवाजात, "भाऊजी, मला माझ्या हाराचंही बघायचंय. एकटीला धीर होत नाही."

तेच दुकान, तोच दगड, तीच करर्र... आणि लाल! अक्का मट्कन स्टुलावर बसली. हार घाईघाईने पिशवीत कोंबला. "धाकटीला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुम्हाला. मोठी असून आईने मला..." आता बघा! हिच्या दुखण्यावरचं औषध माझ्या खिशात, आणि खिसा अक्काने शिवून टाकलेला! घरी ही भिंतीकडे बघत म्हणते, "अक्कावरच जीव होता आईचा." मी तोंड उघडतो, मिटतो, उघडतो... "काय होतंय तुम्हाला?" "दात दुखतोय!" दोघीही तोच घास गिळून बसलेल्या, आणि मधल्या मधे मी!

पण अक्काला राहवलं नाही. स्वतःच आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही, पिशवीतून हार काढून हिच्या पुढ्यात ठेवला, खाच वर करून. "बघ."

"तुझाही?"

"माझाही."

ही हार उलटा करते, सुलटा करते... "आईला माहीत होतं का गं?"

"तिला तिच्या सासूने दिलं, त्या सासूला तिच्या सासूने. कानस लावायची छाती कुणाची झाली असेल?"

आणि ही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, अक्का तर आधीपासूनच रडत होती, दोघी एकमेकींच्या गळ्यात! मग डोळे पुसत ही माझ्याकडे वळून म्हणते, "म्हणजे यात तुमचा काही संबंध नव्हता तर." तुम्हाला सांगतो, सासरच्या कोर्टातून मी हा एकदाच निर्दोष सुटलोय आजवर!

मी सुस्कारा सोडला, चहा टाकायला उठलो... तर मागे दोघींची कुजबुज. वळून बघतो तो हिने बोटातली अंगठी काढून अक्काच्या तळव्यावर ठेवलेली. लग्नात मी दिलेली! "चला," म्हणते, "दुकान उघडंच असेल."

आता ती अंगठी मी स्वतः घेतलेली, चांगल्या दुकानातून, छाप बघून, मालकाला चारचारदा विचारून... खरंच हो, सोन्याचीच आहे! मग मला एवढंच सांगा, बुटाची नाडी बांधताना माझे हात का थरथरत होते?